काठीवाल्याचा गॉगल

मेसोलोंगी, ९ मार्च १९९७

आन्थी,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही तुला. आजवर आमच्या घरची सगळी पत्रं तुझ्या बहिणीनं लिहिली. मी शेवटी 'झाफिरिसचा नमस्कार' एवढं खरडायचो, तेही ती पेन हातात कोंबायची तेव्हा. जानेवारीत मालामो गेली, त्यानंतर तुझं पत्र आलं, त्याला मी उत्तर दिलं नाही. काय लिहिणार होतो? ती गेली हे तुला कळलंच होतं.

आज काम पडलं म्हणून लिहितोय. तू चष्म्याच्या दुकानात आहेस. मला गॉगल हवा. साधा नको, साधे इथे बाजारात ढिगानं पडलेत. ज्यातून पाण्याच्या आतलं दिसतं तो हवा. गेल्या उन्हाळ्यात गळ टाकायला दोघे इटालियन आले होते, त्यांच्या डोळ्यांवर होता. त्याला पोलराइज्ड म्हणतात, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

का ते सांगतो. आमची होडी तुला ठाऊक आहे, अख्ख्या खाडीत 'उलटी होडी' म्हणून बदनाम. बाकीच्यांकडे बाप्या पुढच्या टोकावर भाला घेऊन उभा, आणि बायको मागे काठीनं होडी ढकलणार. आमच्यात मालामो पुढे, मी मागे. लोक हसायचे. पण टोपली आमची भरलेली असायची, मग हसणं आपोआप थांबायचं. तिला मासा दिसायचा. ती म्हणायची, "डावीकडे... हळू... थांब," आणि मी तसं करायचो. आता ती नाही आणि मला येतं ते फक्त ढकलणं. वाऱ्यानं पाणी खडबडलं की ती ऑलिव्ह तेलाचे चार थेंब टाकायची, पाणी गुळगुळीत व्हायचं आणि तिला तळ दिसायचा. परवा मीही टाकले. थेंब कसले, अर्धी बाटली ओतली. त्यात मला माझं थोबाड दिसलं, बाकी काही नाही.

दुसरा जोडीदार बघा म्हणशील. ज्याला त्याला आपापला आहे. नोन्तास तेवढा एकटा आहे, पण त्याची होडी इंजिनवाली. त्या आवाजानं अर्धे मासे पळतात आणि त्याच्या बडबडीनं उरलेले. जाळं ओढायला खांदे लागतात, ते माझे गेले.

आता मुद्द्याची गोष्ट. आसिमिना म्हणते, "बाबा, होडी विका आणि अथेन्सला माझ्याकडे या. पाचव्या मजल्यावर तुमच्यासाठी खोली आहे." मी तिला शब्द दिलाय. ऑक्टोबरात संत दिमित्रिओसचा सण येईपर्यंत मी एकट्यानं भाल्यानं मासे आणायला लागलो तर इथेच राहणार. नाही जमलं तर होडी विकून तिच्याकडे जाणार. पोरगी गुणाची आहे, पण पाचव्या मजल्यावर मी काय करू? मला इथून जायचं नाही, आन्थी. म्हणून गॉगल.

झाफिरिस


मेलबर्न, २७ मार्च

भावोजी,

पाकिटावरचं अक्षर बघून आधी वाटलं, पोस्टमन घर चुकला. लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्याशी बोललेले सगळे शब्द गोळा केले तरी या एका पत्राएवढे भरायचे नाहीत! फोनवर तर 'हं' आणि 'बरं' याच्या पुढे तुमची गाडी कधी गेली नाही. ताई म्हणायची, "आमचे हे बोलतात, पण काठीनं."

पत्र मी तीनदा वाचलं. तिच्याविषयी कुणीतरी काहीतरी लिहिलं, एवढ्यानंच बरं वाटलं.

आता कामाचं. साधा गॉगल म्हणजे खिडकीला लावलेला पडदा. सगळंच अंधारं करतो, चकाकीही आणि मासाही. पोलराइज्ड काच तसं करत नाही. पाण्यावर आडवी पडून जी चकाकी डोळ्यांत शिरते तेवढीच ती अडवते, बाकीचा उजेड येऊ देते. माल खरा की खोटा ते ओळखायला गॉगल हातात धरा, त्यातून पाण्याकडे बघा आणि कुलपात किल्ली फिरवावी तसा फिरवून उभा करा. चकाकी परत आली तर खरा. काहीच बदललं नाही तर दुकानदारानं तोंडाला पानं पुसली.

पण काच कुठल्या रंगाची, ते उजेडावर आहे. तुम्ही पहाटे जाता की दुपारी? तळ वाळूचा, चिखलाचा की शेवाळाचा? ढगाळ दिवशीही जाता का? यातलं अक्षरसुद्धा लिहिलं नाहीत! डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतं' म्हणण्यातली गत. तोवर राखाडी काचेचा पाठवते. भर उन्हाला तोच चांगला, रंगही जसेच्या तसे दिसतात.

आमच्या दुकानात हल्ली श्वास घ्यायला फुरसत नाही. मालक म्हणतो, आन्थी, तू नसलीस तर कुलूपच लावावं लागेल. रविवारी आम्ही गाववाल्या बायका समुद्रावर जातो, हसून हसून पुरेवाट होते. तेव्हा माझी काळजी नको. तुम्ही जेवता ना वेळेवर?

आन्थी


मेसोलोंगी, ४ मे

आन्थी,

गॉगल ईस्टरच्या आधी पोचला. किल्ली फिरवून पाहिली, माल खरा आहे. घालून कॉफी प्यायला गेलो तर नोन्तास उठून उभाच राहिला. म्हणाला, "या मंत्रीसाहेब, आमच्या रस्त्याचं काय केलंत?" सगळं दुकान हसलं. हसू देत.

भर उन्हात चांगला आहे, कबूल. संत्र्याची साल काढावी तशी चकाकी निघते. पण मी जातो पहाटे, आणि पहाटे तो घातला की आंधळा होतो. एकदा होडी सरळ सहकारी संस्थेनं मासे अडवायला घातलेल्या कुडाच्या कुंपणात नेऊन घातली. राखणदारानं माझ्या सात पिढ्या काढल्या. ढग आले की तेच. तळाचं विचारतेस, तर बहुतेक शेवाळ, मधून मधून पिवळी वाळू, एतोलिको गावाच्या अंगाला चिखल. उन्हं चढली की मी परत येतो, कारण मग वारा सुटतो. झालं समाधान?

मासा दिसला नाही. एकही नाही.

ईस्टरला आसिमिना आली होती. रिवाजाप्रमाणे लाल अंडी एकमेकांवर आपटली, तिचं फुटलं, माझं शाबूत राहिलं. मग तिनं विचारलं, "बाबा, मिळतात का मासे?" मी म्हटलं, बऱ्यापैकी. दुसऱ्या दिवशी नोन्तासकडून दोन त्सिपूरा मासे घेतले, त्यांच्या पाठीत माझ्या भाल्यानं भोकं पाडली आणि तिला भाजून घातले. ती म्हणाली, "आई आणायची तसेच ताजे." मी माझा वाटाही तिच्याच ताटात सरकवला.

ती परत गेली आणि घर पुन्हा गप्प झालं. बेकरीवाला अर्धा पाव विकत नाही. अख्खा घ्यायचा आणि उरलेला शेजारच्या कोंबड्यांना टाकायचा. त्या कोंबड्या हल्ली मला बघून धावत येतात, गावात तेवढंच कोणीतरी धावत येतं. तुझं बरं आहे. दुकान आहे, माणसं आहेत.

झाफिरिस


मेलबर्न, २२ मे

भावोजी,

मेलेल्या माशाला भोकं! अहो, वयाचं तरी भान ठेवा. वाचून मी एकटीच मोठमोठ्यानं हसले. पोरीला कळलं असणार. नाही कळलं तर ती ताईची मुलगी नव्हे.

दोन गॉगल पाठवतेय. तांबूस काचेचा आहे तो उन्हं वर आल्यावर घाला. शेवाळाच्या हिरव्यावर काही हललं तर तांबूस काचेतून ते उठून दिसतं. पिवळ्या काचेचा आहे तो पहाटेसाठी आणि ढगांसाठी. तो उजेड फारसा कमी करत नाही, उलट थोडा वाढल्यासारखा वाटतो. पण भर दुपारी पिवळा घालून बसू नका, डोळे दुखतील आणि शिव्या मला द्याल. राखाडी खोल पाण्यासाठी ठेवा. तिन्ही उजेडांना एकच काच चालत नाही, तसं कोणी म्हणालं तर त्याला दारातून परत पाठवा.

इथून तुम्हाला शिकवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, पण ऐका. रुंद काठाची टोपी घाला, नाहीतर मागून उजेड काचेच्या आतल्या अंगावर पडतो. सूर्य पाठीशी घ्या, पण जरा तिरका, म्हणजे तुमची सावली पुढे पडून मासे उधळणार नाहीत. मान वाकडी करू नका, मान कलली की चकाकी परत आलीच. नजर अगदी पायाशी नको, लांबही नको, चार-पाच हातांवर पाण्यात. आणि मासा शोधू नका, त्याची सावली शोधा. बोय मासळी पाण्याच्याच रंगाची असते, ती समोर असून दिसत नाही, पण वाळूवर तिची सावली पळते. हे ताईचं. ती मला लहानपणी सांगायची, मला कधी जमलं नाही ही गोष्ट वेगळी.

इकडे सगळं झकास. गर्दी, धावपळ, नेहमीचंच.

शेजारणीला सांगा, अर्धा पाव तिनं घ्यावा. ही युक्ती सुचायला ऑस्ट्रेलियातून मेहुणी लागते का?

आन्थी


मेसोलोंगी, ८ जुलै

आन्थी,

शेजारणीला सांगितलं. ती म्हणाली, आम्ही घरीच भाजतो. तेव्हा कोंबड्याच.

पिवळा चांगला आहे. पहाट मधात बुडवल्यासारखी दिसते. तांबूसही चांगला आहे. टोपी घेतली. सूर्य पाठीशी तिरका घेतला. मान ताठ ठेवली, इतकी की नोन्तासनं विचारलं, मानेला काही झालंय का. तू सांगितलंस ते सगळं केलं आणि मासा दिसला नाही. मे गेला, जून गेला. काठी टेकवून भाला हातात घ्यायची वेळच आली नाही.

डोळ्यांचा दोष असेल म्हणून डॉक्टरकडे गेलो. त्यानं अक्षरं वाचायला लावली, मी धडाधड वाचली. तो म्हणाला, या वयाला असे डोळे म्हणजे देवाची कृपा. आणि खरंच सगळं स्पष्ट दिसतं. खाडीच्या तोंडाशी खुणेचा खांब आहे, त्यावर पाणकावळा बसलेला दिसतो. आपल्या होडीचं पुढचं टोक तर असं दिसतं की काय सांगू. मालामो उभी राहायची तिथला रंग तिच्या टाचांनी घासून गेलाय, दोन गोल ठिपके. ती तिथे उभी असायची तोवर ते दिसायचं कारण नव्हतं. आता रोज दिसतात. मग मासाच तेवढा का दिसत नाही? काचा जुन्या मालातल्या तर नाहीत ना? दुकानात नीट विचार.

आसिमिना फोनवर खोलीला रंग कुठला देऊ विचारते. मी म्हटलं, घाई काय आहे. पण मला आता भीती वाटायला लागलीय.

झाफिरिस


मेलबर्न, ३० जुलै

भावोजी,

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी काचेच्या रंगांवर पानं भरत बसले, आणि तुम्ही बघता कुठे हे विचारलंच नाही.

तुमच्या आधी त्या काठीवर मी होते. विसरलात? तुम्ही लग्न करून घरात आलात तेव्हा काठी माझ्या हातातून तुमच्या हातात गेली. त्याआधी ताई भाल्यावर, मी मागे, आणि मध्ये बाबा. बाबांचा नियम तुम्हालाही लावला असणार. काठीवाल्यानं पाण्यात बघायचं नाही. दोघंही पाण्यात बघायला लागले की होडी भरकटते, म्हणून बघणारा एक आणि ढकलणारा एक. मी जरा डोकावले की बाबा बोटांवर फटका द्यायचे. काठीवाल्याची नजर कायम भालेवाल्याच्या पाठीवर. तो झुकला की हळू, त्यानं कोपर उचललं की थांब.

आता तुमचंच पत्र परत वाचा. खुणेचा खांब दिसतो, पाणकावळा दिसतो, टाचांचे ठिपके दिसतात. अहो, तुम्ही मागे उभे राहून पुढच्या टोकाकडेच बघताय! मार्चपासून रोज. तिथे पाठ नाही तरी तुमची नजर तिथेच. त्याला मी कुठली काच देऊ?

हे मला कसं कळलं तेही सांगते, आणि मग रागवा. खोटं तुम्ही एकटेच बोलता असं नाही. आमचं दुकान गेल्या वर्षीच बंद झालं. मालक गेला, मुलांनी जागा विकली. तुमचे तिन्ही गॉगल मी दुसरीकडून आणले. तिथली पोरगी मला काचांचे रंग समजावून सांगत होती आणि मी मुकाट ऐकत होते. रविवारच्या बायकांपैकी एक वारली, दुसरी मुलाकडे राहायला गेली, तिसरीशी माझं भांडण झालं. मी बागेतल्या तळ्यावर जाऊन बसते. तुमच्यासाठी घेताना एक तांबूस माझ्यासाठीही घेतला होता, तो घालून. परवा लक्षात आलं, एवढ्या दिवसांत मी तळ्याच्या पाण्यात बघितलेलंच नाही. पलीकडच्या काठाकडे बघत बसते. ती सवय मोडलेलीच नाही, भावोजी. बाबा जाऊन किती वर्षं झाली, तरी बोटं आपोआप मागे येतात.

काठी खाली ठेवा. पुढे जा, तिच्या जागेवर उभे राहा. वारा नेईल तिकडे होडी जाऊ दे आणि पाण्यात बघा. ऑक्टोबरला अजून वेळ आहे.

आन्थी


मेसोलोंगी, २१ सप्टेंबर

आन्थी,

तुझं पत्र आल्यावर दोन आठवडे मी होडीवर गेलोच नाही. तू दुकानाचं लिहिलंस त्याचा राग आला नाही. मी इथे 'तुझं बरं आहे' म्हणत होतो आणि तू ते वाचत होतीस, त्याचं वाईट वाटलं.

तिच्या जागी उभं राहायचं म्हणजे सोपं नव्हतं. ठिपक्यांवर पाय ठेववेना. शेवटी त्यांच्या जरा मागे गुडघे टेकले. पहाट होती, पिवळा लावला होता. काठी आडवी ठेवली. वारा नव्हताच, होडी आपली आपण सरकत होती. चार-पाच हातांवर बघत राहिलो. आधी नुसतं शेवाळ. मग वाळूचा एक तुकडा आला आणि त्यावरून एक सावली गेली. मग तिच्यावर मासा दिसला. आधी सावली, मग मासा, अगदी तू म्हणालीस तसं. त्सिपूरा होता, चांगला हातभर. कपाळावरची सोन्याची पट्टीसुद्धा दिसली. त्याच्यामागे आणखी, आणि आणखी. बोयांचं एक अख्खं खिल्लार होडीखालून गेलं आणि सगळ्यांनी एकदम वळण घेतलं. माझ्या अंगावर काटा आला. एवढं सगळं खाली चाललेलं असतं, आणि मी जन्मभर त्याच्यावरून काठी टोचत फिरलो!

आणि मी ओरडलो, "डावीकडे!" जोरात ओरडलो. होडी जागची हलली नाही. मागे कोण होतं ढकलायला? भाला पायाशी होता, तो उचलायचाही राहून गेला. मासे गेले. मी तिथेच बसून लहान पोरासारखा रडलो, हे तुला सांगतोय, आसिमिनाला सांगू नकोस.

तिनं मला कधी सांगितलं नाही, खाली असं असतं म्हणून. की सांगत होती, आणि 'डावीकडे, हळू' एवढंच मला ऐकू येत होतं?

आता रोज दिसतात. पण दिसणं वेगळं आणि मारणं वेगळं. काठी टाकून भाला उचलेपर्यंत ते गेलेले असतात, आणि उचललाच तर नेम चुकतो. पाण्यात मासा असतो तिथे दिसत नाही, जरा खाली मारायचं असतं, हे डोक्याला कळतं, हाताला नाही. महिना राहिलाय. टोपली रिकामी आहे.

तू एवढ्या लांब कशाला गेलीस गं?

झाफिरिस


मेलबर्न, १४ ऑक्टोबर

भावोजी,

होडी विकू नका. मी येतेय.

फोनच करणार होते. दोनदा उचलला आणि ठेवला. तुम्ही 'हं' म्हटलं असतं आणि मला पुढे बोलता आलं नसतं. इथे माझं काही अडत नाही. तळ्याला मी नसले तरी चालेल. मार्चचं तिकीट काढलंय, परत करता येत नाही असलं स्वस्तातलं, म्हणजे माझंच मन फिरायला नको. एवढ्या वर्षांनी मला तिथे कोण ओळखणार, आणि आता तर ताईही नाही, असं म्हणत मी आजवर टाळत आले. पण तुम्ही "डावीकडे!" म्हणून ओरडलात आणि होडी हलली नाही, हे वाचल्यावर मला राहवेना.

काठी मला अजून येते. हात दुखतील, दुखू देत. तुम्ही पुढे उभे राहा, म्हणाल तिकडे नेते. नेम हळूहळू बसेल. आसिमिनाला सांगा, मावशी येतेय, मार्चपर्यंत थांब. ऐकेल ती.

तांबूस आणि पिवळा जपून ठेवा. आणि बोयांच्या अंड्यांची सुकी गाबोळी कुणाकडे चांगली मिळते ते विचारून ठेवा, मेणात बुडवलेली. इथली खाऊन जीभ मेली माझी.

आन्थी


मेसोलोंगी, २७ ऑक्टोबर

आन्थी,

काल सण झाला. आसिमिना आली होती. तिनं विचारायच्या आधीच मी सांगितलं, एकही नाही, आणि ईस्टरचे मासे नोन्तासचे होते. ती म्हणाली, "माहीत होतं बाबा, भोकं नको तिथे होती." हसली आणि मग रडली. तिनं जबरदस्ती केली नाही, हेही लिहितो. म्हणाली, तुम्हाला राहायचं तर राहा. पण दिलेला शब्द होता. आणि खरं सांगू? रोज दिसायचे आणि दिसल्याचं कोणाला सांगता यायचं नाही, हे मला आता सोसवेना. दिसत नव्हते तेच बरं होतं.

होडी आज सकाळी गेली. एतोलिकोच्या एकानं घेतली, तो इंजिन बसवणार. काठी त्याला नको होती. टोकावरचे ठिपके बघून म्हणाला, "रंग उडालाय, हे घासून नवा देतो." 

परवा अथेन्सला जातोय. पत्ता मागे लिहिलाय.

झाफिरिस


अथेन्स, १९ नोव्हेंबर

आन्थी,

तुझं चौदा तारखेचं पत्र मी निघाल्यावर मेसोलोंगीला पोचलं. नोन्तासनं ते आठवडाभर खिशात घेऊन फिरवलं आणि मग इकडे टाकलं. वाचलं. उठलो, गॅलरीत गेलो, परत येऊन परत वाचलं. आसिमिनाला वाटलं, कोणी गेलं.

पंधरा दिवस आधी आलं असतं तर? असो. मी त्या एतोलिकोवाल्याला फोन केला. मी, फोन! होडी परत दे म्हणून गयावया केली. इंजिन बसलंय, म्हणाला. आता काय करू? तू तिकीट काढून बसलीस, काठी धरायला येतेस, आणि माझ्याकडे होडी नाही. चार दिवस तुला लिहायचीच लाज वाटली. येऊ नकोस असं लिहिलेला एक कागद मी फाडलाय.

इथे मला काही कमी नाही. नातवंडं नाहीत, पण जावई बरा आहे, सूपात लिंबू जास्त पिळतो तेवढंच. दुपारी गॅलरीत बसतो. एकदा सहज तांबूस गॉगल लावला आणि खाली समोरच्या इमारतीकडे बघितलं, तर खिडक्यांच्या काचांवरची चकाकी गेली आणि आतली माणसं दिसायला लागली. एक म्हातारी रोज एकटी जेवते. दुसऱ्या मजल्यावर एक माणूस टीव्हीशी भांडतो. आसिमिना म्हणाली, "बाबा, लोकांच्या घरात बघू नये." मी काढून ठेवला. पण पाण्यात बघायला शिकल्यापासून मला बघितल्याशिवाय राहवत नाही. आणि मग शेजारच्या खुर्चीकडे वळून सांगावंसं वाटतं, तर खुर्ची रिकामी.

म्हणून तू ये. होडी नाही तरी ये. मेसोलोंगीहून तूरलिदाला जाणारा रस्ता तुला आठवत असेल, तू गेलीस तेव्हा कच्चा होता, आता डांबरी आहे. दोन्हीकडे खाडी, गुडघाभर पाणी, वाळूचा तळ. सकाळी ऊन पाठीशी येतं. तिथे कडेला उभं राहिलं की सगळं दिसतं, मी जायच्या आदल्या दिवशी जाऊन बघून आलो. भाला नको, काठी नको. रस्ता जागचा हलत नाही, त्यामुळे भरकटायची भीती नाही, आणि बाबा आता फटका द्यायला येत नाहीत. तू पण बघ, मी पण बघतो.

अथेन्सहून मेसोलोंगीला बस सुटते, ती आपण दोघं घेऊ. तुला विमानतळावर घ्यायला आसिमिना आणि मी दोघं येऊ. तू मला ओळखलं नाहीस तरी हरकत नाही, मी हाक मारीन.

नाही म्हणू नकोस, आन्थी. एकट्यानं बघून झालं माझं.

झाफिरिस